'धरणाला धोका नाही' म्हणजे काय?

कोयना खोऱ्यात धक्का बसला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास येते : 'धरणाला कोणताही धोका नाही.' शाळांमध्ये व्याख्यानाला गेलो की आम्हीही हेच सांगत आलो आहोत. वाक्य बहुधा खरे असते. पण त्यातून मुले काय शिकतात?

हे धक्के साधारणपणे ३-४ रिश्टरचे. या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६.३ च्या आसपास होता, म्हणजे ४ रिश्टरच्या धक्क्याहून जवळजवळ तीन हजार पट ऊर्जेचा. तेव्हा लहान धक्का धरणाने सोसला, यावरून मोठ्याबद्दल फारसे काही ठरत नाही. १९६७ मध्ये धरण उभे राहिले हे खरे, पण त्याला तडे गेले. आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्व त्वरणाचा ०.०५ हा गुणांक धरला होता. धरणातल्या उपकरणाने त्याच्या सुमारे दहापट त्वरण नोंदले. (दोन्ही आकडे एकाच जातीचे नाहीत, म्हणून तुलना जपूनच करावी. अंदाज तोकडा होता, एवढे मात्र नक्की.) पुढे धरण मजबूत केले गेले. हा भाग वर्गात सांगितला तर मुलांचा विश्वास उडेल असे आम्हाला वाटत नाही. अभियांत्रिकी चुकांमधून कशी शिकते, हे उलट त्यांना इथेच दिसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याकडची फुटलेली धरणे आठवून पाहा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले ते बांधकाम अपुरे असताना पाणी साठल्यामुळे. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेतील मच्छू-२ च्या दरवाजांना पुराचे पाणी पेलले नाही; ते मातीच्या बांधावरून वाहिले आणि मोरबी शहर बुडाले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले. तिथल्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिन्ही ठिकाणी जमीन हललीही नव्हती! भूकंपानंतर चार दिवस चर्चा होते. गळती, अपुरे सांडवे, रखडलेली दुरुस्ती यांची बातमी होत नाही.

आणि फुटलेच, तर पाणी कोणत्या गावात किती वेळाने पोहोचेल? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन आराखडा आणि बुडणाऱ्या क्षेत्राचा नकाशा सक्तीचा केला आहे. आम्ही भूगोलात समोच्च रेषा शिकवतो त्या मात्र पुस्तकातल्या काल्पनिक टेकडीच्या. त्याऐवजी आपल्याच नदीचा नकाशा घ्यावा. शाळा नदीपात्रापासून किती मीटर उंच आहे, चालत दहा मिनिटांत गाठता येईल अशी उंच जागा कोणती, हे मुलांनी शोधावे. मग शिक्षकांनी पाटबंधारे खात्याकडे बुडीत क्षेत्राचा नकाशा मागावा. मिळाला तर वर्गात लावावा. नाही मिळाला तर तेही मुलांना सांगावे.