‘उपलब्ध’ या शब्दाची व्याप्ती : एका आवृत्तिसूचीचे परीक्षण

‘आहे’ आणि ‘मिळेल’ या दोन क्रियापदांतील अंतर मूर्तिजापूरच्या प्रवाशास सांगावयास नको. या स्थानकात 1676 मिलिमीटर रुंदीचा ब्रॉडगेज लोहमार्ग आणि अचलपूर व यवतमाळकडे जाणारे 762 मिलिमीटरचे नॅरोगेज फाटे एकत्र आले. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नसल्यामुळे प्रवाशास गाडी बदलावी लागे. पुढे नॅरोगेजवरील प्रवासी वाहतूक बंद पडली. ‘यवतमाळचा फाटा आहे’ हे विधान त्यानंतरही खरे राहिले. ‘गाडी मिळेल’ हे मात्र खरे राहिले नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हाच भेद ‘एनव्हीएम’ या साधनाच्या सूचीत उपस्थित होतो. जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला प्रोग्राम ज्याच्या आधारे चालतो, त्या ‘नोड’च्या अनेक आवृत्त्या एकाच संगणकावर नांदविणे हे या साधनाचे कार्य होय. एका आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालेलच असे नाही. म्हणूनच सूचीची आवश्यकता असते. ‘एनव्हीएम एलएस’ ही आज्ञा संगणकावर बसविलेल्या आवृत्त्या दाखविते; ‘एनव्हीएम एलएस-रिमोट’ ही दूरवरून आणता येण्याजोग्या आवृत्त्या दाखविते. जवळचे आणि दूरचे असा हा भेद दोन स्वतंत्र आज्ञांनी राखला आहे, हा या साधनाचा गुण मानला पाहिजे. क्रमही निर्दोष आहे. येथील बिंदू दशांशचिन्ह नसून केवळ विभाजक आहे, त्यामुळे 16.10 ही आवृत्ती 16.9 नंतरच येते.

दोष आहे तो शब्दयोजनेत. 16.20.2 या आवृत्तीपुढे ‘लेटेस्ट एलटीएस : गॅलियम’ अशी नोंद आढळते. ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घकाळ आधार लाभणारी आवृत्ती. वस्तुतः या मालिकेचा आधार 11 सप्टेंबर 2023 रोजीच संपला. त्यानंतर तिच्यातील सुरक्षाविषयक दोषांची नियमित दुरुस्ती थांबली. सूचीकारास अभिप्रेत असलेला अर्थ ‘गॅलियम मालिकेतील शेवटची’ एवढाच आहे. वाचक मात्र ‘सर्वांत नवी व आधारप्राप्त’ असा अर्थ घेतो. मराठीत ‘मालिकेतील’ या पदातील ‘-तील’ प्रत्यय विशेषणाची मर्यादा उघड करतो. येथे ते काम एका अपूर्णविरामावर सोपविले आहे, आणि ते त्यास पेलत नाही. शिवाय ‘लेटेस्ट’ हा शब्द ‘शेवटची’ आणि ‘नवी’ या दोन्ही अर्थांना सामावून घेतो. मृत मालिकेच्या बाबतीत हे दोन अर्थ परस्परविरोधी होत.

जुन्या आवृत्त्या सूचीतून गाळाव्यात, असा याचा अर्थ नव्हे. जुने प्रोग्राम चालविण्यास त्या लागतात. जुना पाठ गाळणारा संपादक जसा विश्वसनीय नसतो, तशीच ती सूचीही ठरेल. परंतु पाठ देताना त्याची अवस्थाही सांगावी लागते. महानगरातील कार्यालयात शेजारचा अनुभवी सहकारी ही उणीव भरून काढतो. तालुक्याच्या गावी एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास सूची हाच गुरू असतो, आणि तिने दिलेला ‘एलटीएस’चा शिक्का तो प्रमाण मानतो.

उपाय अल्प आहे. आधारसमाप्तीच्या तारखा नोडच्या प्रकाशन-वेळापत्रकात प्रसिद्ध होतच असतात. त्या त्या आवृत्तीपुढे ‘आधार समाप्त’ एवढी दोन पदे व तारीख आली, तर ‘उपलब्ध’ या शब्दाने ‘विश्वसनीय’ या शब्दाची जागा बळकावण्याचे कारण उरणार नाही.