‘मी’ नसलेला जाहीरनामा

वकील निवडणुकीला उभा राहिला की मतदारापुढे आपल्या सेवेची यादी ठेवतो: अमक्यांचे खटले फुकट लढवले, तमक्या मोर्चात पुढे होतो. 1936 च्या ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हा अशी यादी द्यायला त्यांच्यापाशी पुष्कळ होतं. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांचा बचाव केला होता. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्रही घेतलं होतं. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते प्यायले होते आणि त्या तळ्याच्या हक्काचा दावा अजून कोर्टात चालूच होता. जाहीरनामा हे सारं बाजूला ठेवतो आणि थेट कलमांवर येतो. या मजकुराची खरी गोडी तिथेच सुरू होते.

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये बसून हा जाहीरनामा वाचताना त्यातली कलमं खिडकीबाहेर दिसतात. कारखानदारीबद्दल तो म्हणतो की जिथे लोकहिताला गरज असेल तिथे उद्योग सरकारच्या मालकीचा असावा किंवा सरकारने चालवावा. कामगाराला ठरावीक तास, पुरेसं वेतन, पगारी रजा आणि स्वस्त पण आरोग्याला बरं असं घर मिळावं. शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं, तांत्रिक शिक्षणाची सोय व्हावी. 1955 मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर क्वार्टर, शाळा, शेजारच्या सेक्टर 9 मधलं मोठं रुग्णालय असं सगळं उभं राहिलं. भिलाई त्या जाहीरनाम्यातून जन्मली असा दावा मुळीच करायचा नाही. पण ज्याला आपण ‘टाउनशिपचं आयुष्य’ म्हणतो, ते एका मराठी वकिलाने मतं मागताना मुद्देसूद मांडून ठेवलं होतं, एवढं खरं.

आता मजकूर जरा जवळून पाहू. गिरणी-कारखान्यांबद्दल बोलताना हा जाहीरनामा केवळ पगारावर थांबत नाही. कामावर घेणं, कामावरून काढणं आणि बढती देणं यांवर कायद्याचं नियंत्रण हवं, असं तो म्हणतो. वरवर वाचलं तर ही कारकुनी भाषा वाटते. पण त्या काळच्या मुंबईत गिरणीत कुणाला घ्यायचं हे जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवत असे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागतो आणि ती थुंकी इतरांना चालत नाही, हे त्याचं कारण. 1928-29 च्या संपांच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे मांडला होता. म्हणून ‘कामावर घेणं’ हे कलम कोरडं नाही. त्यात विणकाम खात्याचं बंद दार आहे, आणि ते ठोठावणाऱ्या माणसाचं नाव मात्र नाही.

शेतीचा भागही तसाच. कोकणातल्या खोतांच्या आणि गुजरातेतल्या तालुकदारांच्या जुलमापासून कुळांना संरक्षण हवं, हे जाहीरनामा सांगतो. 1929 मध्ये चिपळूणच्या परिषदेत आंबेडकर खोतीविरुद्ध बोलले होते. तो उल्लेख इथे सापडत नाही. सापडते ती त्या भाषणाची कायद्यात बसणारी मागणी. दाव्याच्या अर्जात आधी गाऱ्हाणं येतं आणि शेवटी नेमकी मागणी येते. या जाहीरनाम्याने गाऱ्हाण्याचा भाग आवरता घेतला आणि मागणी सविस्तर लिहिली. ‘गरज असेल तिथे’ अशी अट घालणारी त्याची भाषा सभेत टाळ्या मिळवणारी नाही. जे करून दाखवता येणार नाही ते लिहायचं नाही, हा वकिलाचा संयम तिच्यात आहे, आणि माझ्या लेखी तीच तिची शोभा.

1937 च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. आंबेडकरांसमोर काँग्रेसने पी. बाळू पालवणकरांना उभं केलं. हे तेच डावखुरे फिरकी गोलंदाज, ज्यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले आणि ज्यांचं कौतुक तरुण आंबेडकरांनी स्वतः केलं होतं. आंबेडकरांना 13,245 मतं मिळाली, बाळूंना 11,225. निकालानंतर महिन्याभरात, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. प्रचारात मिरवता आला असता असा विजय प्रचार आटोपल्यावर आला.

जाहीरनाम्याचं रसग्रहण छापलेल्या शेवटच्या ओळीवर संपवता येत नाही. त्यातली कलमं पुढे कुठे गेली तेही पाहावं लागतं. सप्टेंबर 1937 मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, 1945 मध्ये, कारखाना कायद्यात पगारी रजा आली आणि 1946 मध्ये आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. ही कलमं प्रत्यक्षात यायला दशकभर किंवा त्याहून जास्त काळ लागला, पण लिहिणाऱ्याने त्यांचा पाठपुरावा सोडला नाही.

तरी मतपेटी सेवेचा हिशेब मांडतेच असं नाही. 1952 मध्ये, संविधानाच्या मसुद्याचं काम पूर्ण झालेलं असताना, आंबेडकर उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून हरले. 1954 मध्ये भिलाईहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. भिलाईतही मतं आणि खटले या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे जनकलाल ठाकूर डौंडी-लोहाऱ्यातून आमदार झाले. खुद्द नियोगींचा 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत खून झाला. त्यांच्या संघटनेतून आलेल्या सुधा भारद्वाज पुढे वकील झाल्या आणि कंत्राटी कामगारांचे खटले लढल्या, पण त्यांनी मतं मागितली नाहीत.

क्वार्टर, पगारी रजा आणि रुग्णालय हे कायम कामगाराच्या वाट्याला आलं. ‘कामावर घेणं, काढणं, बढती’ हे कलम मात्र कंत्राटी कामगारासाठी अजून जवळजवळ 1936 सालचंच आहे. त्याला ठेकेदार घेतो आणि ठेकेदारच काढतो. म्हणून उद्या कुणी वकील आपल्या सेवेचा दाखला घेऊन दारात आला तर त्याने कुणासाठी काय केलं एवढं विचारून भागणार नाही. त्या कामातून कोणतं कलम निघालं, आणि ते त्याने जाहीरनाम्यात लिहिलंय का, हे विचारावं लागेल. आंबेडकरांचा मजकूर मतदाराला हीच परीक्षा शिकवतो, आणि स्वतः तिला उतरतो.