आइल रॉयलचे लांडगे आणि 'समतोल' ही संज्ञा

लेक सुपीरिअरमधील आइल रॉयल हे बेट अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मूस आले आणि १९५० च्या सुमारास, गोठलेल्या सरोवरावरून, लांडगे. (मूस हे हरणाच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. नाव अल्गाँक्वियन भाषांतले. आपल्या सोनाराच्या मुशीशी त्याचे काही नाते नाही.) डरवर्ड ॲलन यांनी १९५८ मध्ये या दोन प्राण्यांचा अभ्यास आरंभिला. त्यांचे शिष्य डेव्हिड मीच यांचा 'द वुल्व्ज ऑफ आइल रॉयल' हा ग्रंथ १९६६ चा.

ग्रंथातील निरीक्षण अव्वल दर्जाचे आहे. विमानातून कळपाचा माग घेऊन मीच यांनी दाखविले की, लांडग्यांनी गाठलेले बहुतेक मूस निसटतात. बळी पडतात ती मुख्यतः पाडसे आणि वृद्ध जनावरे. कोणते जनावर मरते, या प्रश्नाचे हे उत्तर आजही टिकून आहे.

आमचा आक्षेप आहे तो निष्कर्षाच्या शब्दावर. सुमारे ६०० मूस आणि वीसएक लांडगे पाहून ग्रंथकार दोहोंत समतोल साधल्याचे सांगतात. समतोल हा तराजूचा शब्द. त्यात पारडी दोनच. तो योजिला की तिसरे कारण शोधण्याची गरजच भासत नाही. पुढील इतिहास मात्र तिसऱ्या कारणांनीच भरलेला आहे. १९८० मध्ये लांडगे ५० होते. कुत्र्यांच्या पार्व्होविषाणूची साथ आली आणि १९८२ मध्ये १४ उरले. मूस वाढत १९९५ मध्ये सुमारे २,४०० झाले. १९९६ चा कडक हिवाळा, उपासमार आणि गोचीड यांनी ते पाचशेच्या आसपास आणले. या संहारात लांडग्यांचा वाटा गौणच होता.

म्हणून हिंस्र पशूंचा प्रभावच नाकारणे हेही धाडसाचे होईल. मॅक्लारेन आणि पीटरसन यांनी १९९४ मध्ये बाल्सम फर वृक्षांची वाढवलये तपासून दाखविले की, लांडगे घटून मूस वाढले की झाडांची वाढ खुंटते. अंतःप्रजननाने खंगलेले लांडगे २०१६ मध्ये दोनच उरले, तेव्हा मूस भराभर वाढून २०१९ मध्ये दोन हजारांवर गेले. २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडण्यात आले, आणि मूसांची संख्या पुढे उतरू लागली; मात्र चाऱ्याची टंचाई आणि गोचीड याही वेळी होतेच.