पहिला नंबर ठरवतो कोण?

ऑक्टोबर २०२२मध्ये ‘फिप्रेसी’ या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने देशातल्या आजवरच्या दहा सर्वोत्कृष्ट चित्रपटांची यादी जाहीर केली. तीस सदस्यांनी गुप्त मतदान केले होते. ‘पथेर पांचाली’ पहिला, ‘शोले’ दहावा. मराठी एकही नाही.

फाळके, बाबूराव पेंटर आणि प्रभात फिल्म कंपनीचा वारसा सांगणाऱ्या भाषेला हे लागणारच. तरीही यादी केवळ भाषेच्या अभिमानाने वाचली, तर तिच्यातला ऐवज हातचा जातो. याच दहांत श्याम बेनेगल यांचा १९७४चा ‘अंकुर’ आहे. निजामी मुलखातली जमीनदारी आणि दख्खनी बोली त्यात आहे. १९४८पर्यंत मराठवाड्यातली आपली हिंगोलीही त्याच हैदराबाद संस्थानात होती. हिंगोली-वसमतच्या प्रेक्षकाला पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या कितीतरी मराठी चित्रपटांपेक्षा ‘अंकुर’मधला गाव अधिक ओळखीचा वाटेल.

क्रमवारी चित्रपटाइतकीच मतदारांबद्दल बोलते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. १९६२ ते २००२ या पाचही कौलांत ‘सिटिझन केन’ अव्वल राहिला, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’. २०२२मध्ये मतदारांची संख्या सोळाशेच्या वर गेली आणि शांताल अकरमन यांचा १९७५चा ‘झान दीलमन’ पहिला आला. स्त्री-दिग्दर्शकाला हा मान प्रथमच मिळाला. चित्रपट होता तसाच होता. त्याच्याकडे पाहणारी माणसे वाढली होती.

टीव्ही मालिकांची यादी तर दर आठवड्याला लागते, टीआरपीवरून. टीआरपी म्हणजे नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत कोणती वाहिनी किती वेळ पाहिली गेली याचा हिशेब. जाहिरातदाराला तो लागतोच. पण स्वयंपाक करता करता चालू राहिलेली मालिका आणि सगळी कामे बाजूला ठेवून पाहिलेली मालिका यांतला फरक त्या आकड्यात उतरत नाही. ‘आई कुठे काय करते’ अनेक आठवडे अव्वल होती. २०२४मध्ये ती संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी गेली आणि त्याच वर्षी संपली. मध्यमवयीन गृहिणीच्या घटस्फोटाबद्दल घराघरांत बोलणे सुरू करणे हे या मालिकेचे खरे काम, आणि त्याची नोंद टीआरपीत नाही.

चांगली निवड काय करू शकते, हे ‘संत तुकाराम’ने दाखवले. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६चा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि जगभरच्या अभ्यासकांच्या नजरेत राहिला. त्यातली तुकारामांची बायको जिजाई आजही थक्क करते. पोर तापाने फणफणलेले. ती एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. जिजाई साकारणाऱ्या गौरीबाईंच्या चेहऱ्यावर भक्ती नाही, संसाराने पिचलेल्या बाईचा संताप आहे. नामदेवांच्या नर्सीत वाढलेल्या वारकऱ्याला हे भांडण समजावून सांगावे लागणार नाही. विठ्ठलाशी असे हक्काने भांडणे त्याच्या घरचेच आहे.

उलट, जे पाहताच येत नाही त्याला कोणत्या क्रमांकावर बसवणार? बाबूराव पेंटर यांच्या १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो कुणबी शहरात गिरणीकामगार होतो. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. कर्ज आणि जमीन हे शब्द रोज ऐकणाऱ्या मराठवाड्यासाठी याहून जवळचा विषय नाही, पण या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

म्हणून याद्या जरूर कराव्यात, वादही घालावेत. मात्र मते कुणी दिली हे यादीखाली छापावे आणि प्रत्येक नावापुढे तो चित्रपट कुठे पाहता येईल तेही लिहावे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी महिन्याला एक चित्रपट दाखवून, त्यावर चर्चा करून, आपल्या जिल्ह्याची यादी स्वतः करावी. पुढच्या कौलात मराठी नाव हवे असेल, तर मराठी चित्रपट आधी मराठी गावांत पाहिला गेला पाहिजे.