चार मेणबत्त्या आणि एक खोटं नाव : रॉनी बार्करचा विनोद

विनोदी नट स्वतः लिहायला लागतो तेव्हा तो कुणासाठी लिहितो? स्वतःसाठी, प्रेक्षकांसाठी, की भाषेसाठी? आजच्या व्याख्यानात आम्ही हा प्रश्न एका माणसापुरता घेणार आहोत. ब्रिटिश नट आणि लेखक रॉनी बार्कर. जन्म १९२९, मृत्यू २००५.

सुरुवात त्याच्या सगळ्यात गाजलेल्या स्केचपासून करू. ते १९७६ साली बीबीसीच्या 'द टू रॉनीज' या कार्यक्रमात दाखवलं गेलं. हार्डवेअरचं दुकान. काउंटरमागे रॉनी कॉर्बेट, बुटका, बिचारा दुकानदार. समोर यादी घेऊन आलेला कामगार गिऱ्हाईक, म्हणजे बार्कर. गिऱ्हाईक काहीतरी मागतो आणि दुकानदार चार मेणबत्त्या आणून ठेवतो. गिऱ्हाईकाला हवे असतात बागकामाच्या फोर्कचे दांडे. हा गोंधळ झाला कसा? गिऱ्हाईकाच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो. 'फोर्क हँडल्स'चं होतं 'फोर्क अँडल्स'. आता तो 'क' एक पाऊल पुढे सरकवा : 'फोर कँडल्स'. देवनागरीत लिहिलं की हे इंग्रजीपेक्षा स्पष्ट दिसतं. एक व्यंजन या शब्दातून त्या शब्दात गेलं आणि दांड्यांच्या मेणबत्त्या झाल्या.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती कोटी झाली असती. बार्करनं पुढे काय केलंय ते बघा. गिऱ्हाईक 'प्लग' मागतो. दुकानदार न्हाणीघरातल्या टबाचं रबरी बूच आणतो. हवा असतो तेरा अँपिअरचा विजेचा प्लग. इथे उच्चाराचा काही दोष नाही, एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. मग तो 'ओज' मागतो. दुकानदाराला वाटतं 'ह' गळलाय, म्हणून तो बागेतलं अवजार आणतो, मग पाण्याची नळी, मग बायकांचे पायमोजे. हवं असतं फाटकावर लावायचं 'ओ' हे अक्षर. यानंतर गिऱ्हाईक 'पीज' मागतो. दुकानदार आता शहाणा झालाय, तो अक्षरांचाच खोका पुन्हा काढतो. आणि या वेळी हवे असतात डब्यातले मटार!

आमच्या मते स्केचचा जीव इथे आहे. दुकानदार शिकतो, आणि नेमकं शिकल्यामुळेच फसतो. दोघांपैकी मूर्ख कुणीच नाही. दोघंही सज्जन आहेत, एकाला विकायचंय, दुसऱ्याला विकत घ्यायचंय. दोष असेल तर तो मधल्या भाषेचा. म्हणून आपण हसतो तेव्हा कुणाला कमी लेखून हसत नाही. खालच्या वर्गाच्या बोलीवर बेतलेलं स्केच, तरीही त्या वर्गाची टिंगल नाही. ब्रिटनसारख्या, तोंड उघडताच माणसाची जात ओळखणाऱ्या समाजात ही साधी गोष्ट नव्हे.

आता हे लिहिणारा माणूस. बेडफर्डला जन्म, ऑक्सफर्डला बालपण. वास्तुशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडलं, बँकेत कारकुनी केली, मग फिरत्या आणि स्थानिक नाटक मंडळ्यांमध्ये उमेदवारी. त्या मंडळ्यांमध्ये नाटकं भराभर बदलत. या आठवड्यात म्हातारा, पुढच्या आठवड्यात पोलीस. त्यातून बार्करला शेकडो माणसांचे आवाज मिळाले. स्वतःचा आवाज मात्र लोकांसमोर काढणं त्याला कधी जमलं नाही. 'द टू रॉनीज' १९७१ ते १९८७ चाललं. त्यात कॉर्बेट खुर्चीत बसून स्वतः म्हणून गप्पा मारायचा. बार्कर बोलायचा तो कुठल्यातरी संस्थेचा प्रवक्ता, कुठलातरी अधिकारी बनून. पात्राचा आडोसा असल्याशिवाय नाही.

हाच आडोसा त्यानं लेखनातही घेतला. १९६८ च्या सुमारास तो डेव्हिड फ्रॉस्टच्या 'फ्रॉस्ट ऑन संडे'मध्ये काम करत होता. तिथे जेराल्ड वायली नावाच्या अनोळखी लेखकाची स्केचेस यायला लागली. चांगली होती, लागलीच घेतली गेली. हा वायली कोण, यावर तर्क सुरू झाले. कुणाला वाटलं टॉम स्टॉपार्ड असेल. कॉर्बेटला त्यातलं एक स्केच रंगभूमीसाठी हवं होतं. वायलीनं तीन हजार पौंड मागितले. बार्करनंच कॉर्बेटला सांगितलं, फार होतात, देऊ नकोस. मग वायलीनं ते फुकट देऊन टाकलं, आणि कॉर्बेटनं आभार म्हणून त्याला आद्याक्षरं कोरलेले काचेचे पेले पाठवले! शेवटी एका चिनी रेस्टॉरंटात सगळ्यांना जेवायला बोलावून बार्कर उभा राहिला आणि म्हणाला, वायली मीच. आधी कुणाचा विश्वासच बसेना.

हा किस्सा गंमत म्हणून नेहमी सांगितला जातो. आम्हाला त्यात एक भूमिका दिसते. कार्यक्रमातल्या नटानं लिहिलेलं स्केच सहकारी नाकारणार कसे? भिडेखातर घेतील. बार्करला भीड नको होती. कागदावरचा विनोद कागदावरच उभा राहतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. हार्डवेअरच्या दुकानाचं स्केचही वायलीच्याच नावावर आहे, आणि तेव्हा तर गुपित केव्हाच फुटलेलं होतं.

इथपर्यंत कौतुक झालं. आता समीक्षेचं दुसरं काम. बार्करला नेहमीच भाषेवर हसता आलं का? नाही. 'ओपन ऑल अवर्स'मधला त्याचा दुकानदार आर्कराइट तोतरा आहे. रॉय क्लार्कच्या संहितेत तोतरेपण नव्हतं, ते बार्करनं आणलं. तो ते विलक्षण कौशल्यानं करतो, हे मान्य. पण इथे हशा भाषेवरून घसरून बोलणाऱ्यावर येतो. आज बघताना खटकतं, आणि खटकायला हवं.

स्त्रियांच्या बाबतीतही तसंच. हार्डवेअरच्या स्केचचा शेवट बघा. वैतागलेला दुकानदार यादी हातात घेतो, वाचतो, आणि पुढचं काम सहकाऱ्यावर सोपवतो. सहकारी बाहेर येऊन विचारतो की कोयते कसले हवेत. कोयत्याला इंग्रजीत 'बिलहुक', त्याचा उच्चार एका शिवीजवळ जातो. बार्कर या शेवटावर खूश नव्हता. पुढच्या एका आवृत्तीत त्यानं सहकाऱ्याच्या जागी भरदार बाई आणली आणि तिच्या तोंडी दारावर वाजवायच्या कडीचा शब्द घातला, जो ग्राम्य इंग्रजीत स्तनांसाठी वापरतात. म्हणजे इतका वेळ भाषेचं इतकं बारीक यंत्र चालवलं आणि शेवटी आधार घेतला बाईच्या शरीराचा. समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांचा बार्कर हौशी संग्राहक होता. ती चव त्याच्या लेखनातून कधी गेली नाही.

पण शेवट का सापडेना, याचं कारण आम्हाला वाटतं रचनेतच आहे. ते स्केच म्हणजे एक यादी आहे. यादी वाढत जाते, संपते, पण तिचा शेवट होत नाही. वायली तीन-चार मिनिटांचा लेखक होता. लांबचा पल्ला लागला की बार्कर दुसऱ्यांच्या संहितेत जास्त खुलला. १९७३ च्या 'सेव्हन ऑफ वन'मध्ये त्यानं सात वेगवेगळ्या गोष्टी केल्या. त्यातली एक त्यानं टोपणनावानं स्वतः लिहिली होती. पुढे मालिका झाल्या त्या मात्र इतरांच्या : रॉय क्लार्कची 'ओपन ऑल अवर्स' आणि डिक क्लेमंट व इयन ला फ्रेने यांची 'पॉरिज'. 'पॉरिज'मधला कैदी फ्लेचर आठवा. तुरुंगात मोठा विजय मिळत नसतो, मिळतात ते रोजचे छोटे डाव. तिथे शब्दांच्या कसरती नाहीत, सोबतच्या तरुण कैद्याबद्दल न बोलून दाखवलेली माया आहे. लेखक बार्करला जे लिहिता आलं नाही, ते नट बार्करनं करून दाखवलं.

१९८७ च्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो निवृत्त झाला आणि चिपिंग नॉर्टनला जुन्या वस्तूंचं दुकान चालवू लागला. त्यानंतर पडद्यावर आला तो क्वचित. २००२ च्या 'द गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये चर्चिलचा बटलर झाला, तेव्हा न बोलताही किती करता येतं ते लोकांनी पाहिलं.

मार्च २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याची स्मरणसभा झाली. क्रूसाबरोबर एरवी दोन मेणबत्त्या नेतात. त्या दिवशी चार नेल्या. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. स्वतःच्या नावानं बोलायला संकोचणाऱ्या लेखकाचं एक व्यंजन सगळ्या देशाला पाठ झालं होतं.

तर प्रश्नाचं आमचं उत्तर असं : बार्कर भाषेसाठी लिहीत होता तेव्हा थोर होता, नुसत्या हशासाठी लिहीत होता तेव्हा साधारण. घरी गेल्यावर ते स्केच पुन्हा बघा, आणि या वेळी दुकानदाराच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.