‘असेल तर’ या दोन शब्दांची परीक्षा

श्रोतेहो, आज आपल्यापुढे एकच वाक्य आहे. ‘अमुक देश अण्वस्त्रे बनवत असेल, तर त्याच्यावर लष्करी कारवाई करावी असे तुम्हाला वाटते का?’ थोड्याफार फरकाने हा प्रश्न अमेरिकेत आणि इतरत्र कितीतरी वर्षे विचारला जातो आहे, कधी इराकबद्दल, कधी उत्तर कोरियाबद्दल, कधी इराणबद्दल. उत्तरांची टक्केवारी छापली जाते आणि मग राज्यकर्ते म्हणतात, बघा, लोक आमच्या पाठीशी आहेत. लोकांच्या उत्तरावर चर्चा पुष्कळ होते. आम्हाला आज प्रश्नाचीच परीक्षा करायची आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले, ती खोड काही जात नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. ‘शेजारच्या घरात चोर शिरला असेल, तर पोलिसांना बोलवाल का?’ असं विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव जण ‘हो’ म्हणतील. त्यावरून शेजारी चोर शिरला आहे हे सिद्ध होते का? मुळीच नाही. लोकांनी ‘तर’चे उत्तर दिले आहे. ‘जर’ जिथल्या तिथे आहे. पण युद्धाच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत होते. ‘तर’ला मिळालेला होकार ‘जर’चा पुरावा म्हणून वापरला जातो.

न्यायशास्त्रात हेत्वाभासांचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक ‘साध्यसम’. म्हणजे काय, तर ज्या हेतूच्या जोरावर काही सिद्ध करायचे, तो हेतूच सिद्ध व्हायचा बाकी असतो. कर्ज फेडायला ज्याच्याकडून उसने घ्यायचे, तोच कर्जबाजारी, तसा हा प्रकार.

आता इराककडे वळू. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे इराकविरुद्धचे आरोप मांडले. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी त्याच परिषदेला सांगितले की, इराकने अण्वस्त्रांचा कार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा तपासनिसांना मिळालेला नाही. २० मार्चला हल्ला सुरू झाला. त्या पहिल्या दिवसांतल्या गॅलप पाहणीत ७२ टक्के अमेरिकन युद्धाच्या बाजूने होते. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने अहवाल दिला की, इराकचा अण्वस्त्र कार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता. २०१८ मध्ये प्यू संस्थेने अमेरिकन लोकांना पुन्हा विचारले, तेव्हा ४८ टक्के लोकांनी बळाचा वापर चुकीचा होता असे म्हटले आणि ४३ टक्क्यांनी बरोबर.

यावरून ‘लोकांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढणे आम्हाला मान्य नाही. लोकांनी मूल्याचा प्रश्न सोडवला. वस्तुस्थितीचा प्रश्न त्यांच्यापुढे सुटलेला म्हणूनच ठेवला होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की, कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे यावर सगळ्यांचे एकमत आहे, असे जनमत चाचणी गृहीतच धरते. आम्ही त्यात एवढीच भर घालू: प्रश्नातले ‘जर’ कोणी लिहिले, हेही पाहावे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. तो म्हणतो, पूर्ण पुरावा मिळेपर्यंत थांबलात तर बॉम्बच तयार होईल. इस्रायलने ७ जून १९८१ रोजी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी याच युक्तिवादावर उद्ध्वस्त केली. सुरक्षा परिषदेने त्याच महिन्यात ठराव ४८७ ने एकमताने निषेध केला, तरी ‘वेळेवर केलं ते बरं झालं’ म्हणणारे आजही आहेत. पण १९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासनीस इराकमध्ये गेले तेव्हा काय सापडले? युरेनियम समृद्ध करण्याचा मोठा गुप्त कार्यक्रम. भट्टी पाडली म्हणजे इरादा मेला, असे झाले नव्हते. तेव्हा घाईच्या युक्तिवादालाही पुरावा द्यावा लागतो. त्याला सूट नाही.

आता एका शोधनिबंधाबद्दल. स्कॉट सेगन आणि बेंजामिन व्हॅलेंटिनो यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासासाठी अमेरिकन नागरिकांपुढे इराणशी युद्धाचा एक काल्पनिक प्रसंग ठेवला होता. जमिनीवरचे युद्ध लढले तर वीस हजार अमेरिकन सैनिक मरतील. एका इराणी शहरावर अणुबॉम्ब टाकला तर युद्ध संपेल. काही जणांना सांगितले की एक लाख नागरिक मरतील, काही जणांना वीस लाख. दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के लोकांनी, राष्ट्राध्यक्षांनी असा निर्णय घेतल्यास आपली संमती राहील, असे सांगितले. अणुबॉम्ब न वापरण्याचा संकेत लोकमनात किती रुजला आहे हे लेखकांना तपासायचे होते, आणि त्यांचे निदान चिंता वाटावी असेच आहे. आमचा आक्षेप मर्यादित आहे. उत्तर देणाऱ्याला इथे जी खात्री दिली गेली, ती खऱ्या युद्धात कोणाकडेच नसते. पण आक्षेप घेऊनही एक गोष्ट उरतेच. खात्री हातात दिली की मृतांचा आकडा वीसपट झाला तरी आपली संमती फारशी हलत नाही. म्हणूनच खात्री वाटणाऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

जून २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. इराणकडे ६० टक्के समृद्ध केलेले ४०० किलोहून अधिक युरेनियम होते, हे खरे आणि काळजीचे. अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी हेही सांगितले की, बॉम्ब बनवण्याच्या पद्धतशीर प्रयत्नाचा पुरावा मिळालेला नाही. ही दोन वेगळी विधाने आहेत. ‘अण्वस्त्रांच्या मागे लागलेला देश’ या एका शब्दप्रयोगात दोन्ही कालवली जातात. १३ जूनला इस्रायलने आणि २२ जूनला अमेरिकेने हल्ला केला.

तेव्हा आपल्याला कोणी हा प्रश्न विचारला, तर आधी तो फोडून घ्यावा. अण्वस्त्रे बनवली जात आहेत हे कोण सांगते? ते कोणी तपासले? तपासणाऱ्याला वेळ दिला का? हल्ल्याने काय साधेल, आणि कोण मरेल? एवढे विचारूनही कोणी ‘कारवाई करा’ म्हणाला, तर त्याचे मत आम्ही आदराने ऐकू, कारण ते मत त्याचे स्वतःचे असेल. बाकी टक्केवारी म्हणजे आपलाच आवाज, दुसऱ्याने लिहून दिलेल्या वाक्यात.

आता तुमचे प्रश्न घेऊ. तेही फोडून बघू.