जबाबदारी आणि जवाबदेही : तीन कलाकृतींतील सरकारी फाईल

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्दांपाशी थांबावे लागते. ‘जबाबदारी’ हा त्यांपैकी एक शब्द आहे. ‘जवाब’ हा अरबी शब्द, त्याला फारसीचा ‘दार’ हा प्रत्यय लागला आणि उत्तर ज्याच्याकडे आहे तो ‘जबाबदार’ ठरला. उर्दूत सोपवलेल्या कामाला ‘जिम्मेदारी’ म्हणतात आणि त्या कामाचा हिशेब देण्याला ‘जवाबदेही’. ‘देही’ म्हणजे देणे. मराठीने या दोन्ही अर्थांसाठी रोजच्या व्यवहारात एकच शब्द ठेवला. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो पाठ्यपुस्तकात आणि शासकीय परिपत्रकात राहिला. चावडीवर किंवा कचेरीत कोणी तो उच्चारत नाही. उलट नुसता ‘जबाब’ म्हटला की पोलीस ठाणे आठवते. तिथे जबाब नागरिकाने द्यायचा असतो आणि सरकारने तो नोंदवून घ्यायचा असतो.

उत्तर जवळ असणे आणि उत्तर देणे यांतील हे अंतर ध्यानात घेऊन उर्दू, हिंदी व मराठीतील तीन कलाकृती वाचाव्यात, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कृष्ण चंदर यांची कथा ‘जामुन का पेड’, श्रीलाल शुक्ल यांची कादंबरी ‘राग दरबारी’ (१९६८) आणि अरुण साधू यांची कादंबरी ‘सिंहासन’ (१९७७) या त्या कलाकृती होत. नोकरशाहीवरील उपरोध म्हणून या तिन्हींचा उल्लेख अनेकदा एका दमात केला जातो. परंतु उत्तर नेमके कुठे हरवते, याविषयी तिघांचे निदान वेगळे आहे आणि अध्यापनात तो भेद महत्त्वाचा आहे.

‘जामुन का पेड’ ही १९६० च्या दशकातील कथा. रात्रीच्या वादळात सचिवालयाच्या हिरवळीवरील जांभळाचे झाड पडते आणि त्याखाली एक माणूस दबतो. पंधरा-वीस जणांनी जोर लावला तर माणूस निघेल, हे माळ्याला पहिल्याच सकाळी कळलेले असते. पण वरिष्ठांना विचारल्याशिवाय झाड हलवायचे कसे? फाईल चपराशापासून मंत्र्यापर्यंत चढते आणि उतरते. व्यापार खाते झाड कृषी खात्याचे म्हणते, कृषी खाते ते फळझाड म्हणून उद्यान खात्याकडे ढकलते. झाड तोडता येत नसेल तर माणूस मधून कापावा, अशीही सूचना पुढे येते आणि तिच्यावर वैद्यकीय अभिप्राय मागवला जातो. दबलेला माणूस शायर आहे हे कळल्यावर फाईल संस्कृती खात्यात जाते, त्याला अकादमीचे सदस्यत्व मिळते, झाड मात्र तसेच राहते. वन खात्याची माणसे कुऱ्हाडी घेऊन येतात तेव्हा परराष्ट्र खाते त्यांना अडवते, कारण ते झाड एका परदेशी पंतप्रधानांनी लावलेले असते. अखेर देशाचे पंतप्रधान निर्णयाचा भार स्वतःवर घेतात, फाईल पूर्ण होते आणि तोपर्यंत शायर मरण पावलेला असतो.

या कथेत कोणीही लाच घेत नाही, ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते. एकही पात्र दुष्ट नाही. प्रत्येक अधिकारी आपली जिम्मेदारी नियमाप्रमाणे पार पाडतो, फाईलवर टिपणी लिहितो आणि ती पुढे पाठवतो. प्रत्येक जण वरच्याला जबाब देतो. झाडाखालच्या माणसाला कोणीच देत नाही. त्याच्याशी माणसासारखा बोलतो तो एकटा माळी, आणि सही करण्याचा अधिकार नाही तो फक्त त्यालाच. कथेचे बळ या मांडणीत आहे.

तिची मर्यादाही इथेच दिसते. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणा एकाचा राहत नाही. शिवाय शेवटी योग्य हुकूम देतात ते पंतप्रधान. म्हणजे शिखरावरची सत्ता विवेकी आणि मधली यंत्रणा तेवढी कुचकामी, असा दिलासा कथा नकळत देऊन जाते. यंत्रणा अशी कोणी आणि का घडवली, हा प्रश्न कृष्ण चंदर विचारत नाहीत. सरकारी अधिकारीही ही कथा वाचून मोकळेपणाने हसू शकतो, कारण त्याच्या मते ती शेजारच्या खात्याची कथा असते.

तरीही २०१९ मध्ये आयसीएसई मंडळाने २०२० आणि २०२१ च्या दहावीच्या परीक्षांसाठी हिंदीच्या पाठ्यक्रमातून ही कथा वगळली. त्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांसाठी ती योग्य नाही, एवढेच कारण देण्यात आले. यापूर्वीची काही वर्षे ती त्याच वयाच्या मुलांना शिकवली जात होती. योग्यतेचा निकष कोणता, याचे उत्तर त्या एका वाक्यात नव्हते. कथेवरचे सर्वांत अचूक भाष्य असे कथेच्या बाहेर घडले.

‘राग दरबारी’तील लंगड हे पात्र या दृष्टीने एक पाऊल पुढे जाते. त्याला तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. लाचेच्या रकमेवरून नक्कलनविसाशी त्याचे बिनसते. तेव्हा तो शपथ घेतो की लाच देणार नाही आणि नक्कल नियमानेच घेईन. कारकूनही शपथ घेतो की लाच घेणार नाही आणि नक्कल नियमानेच देईन. इथपासून लंगडचा खरा छळ सुरू होतो. अर्जात दर वेळी नवी त्रुटी निघते. शेवटी नक्कल तयार होते, तशी सूचना फळ्यावर लागते, पण आजारी लंगड मुदतीत पोहोचत नाही आणि नक्कल नष्ट केली जाते.

शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत होते, म्हणून त्यांना एक गोष्ट आतून ठाऊक होती. लाच आणि नियम यांना आपण परस्परविरोधी मानतो, परंतु लंगडच्या कचेरीत नियम हेच लाचेचे भांडवल आहे. नियम जितका किचकट, तितकी तो वाकवण्याची किंमत अधिक. कृष्ण चंदर यांच्या कथेत उत्तर खात्याखात्यांत विरून जाते. इथे ते खिडकीपलीकडच्या एका माणसाने अडवून ठेवलेले असते. उपरोध म्हणून शुक्लांचे निदान अधिक कठोर आहे. मात्र गावातील लोक लंगडकडे करमणूक म्हणून पाहतात आणि अनेकदा वाचकही त्यांच्यात सामील होतो. त्याच्या हट्टामागचा नैतिक दावा हसण्यात बुडतो.

‘सिंहासन’मध्ये फाईल जवळजवळ दिसत नाही, कारण साधू आपल्याला ती ज्यांच्या मेजावरून निघते त्यांच्या दालनात नेतात. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या संघर्षात राज्यकारभाराचा प्रत्येक प्रश्न अखेर एकाच हिशेबाने मोजला जातो : खुर्ची कोणाची टिकेल? धोरण हे इथे सोंगटी आहे. कृष्ण चंदर यांनी शिखराला दिलेला दिलासा साधू काढून घेतात. ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ (१९७२) यांवर आधारित, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाच्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीसचे जे वेडसर हसणे आहे, ते सर्व काही माहीत असलेल्या माणसाचे हसणे आहे. त्याच्याकडे सगळी उत्तरे आहेत, पण ती देणे ज्यांचे काम आहे ते देत नाहीत. मराठीतील ‘जबाबदार’ या शब्दाचे इतके उदास चित्र दुसरे आठवत नाही. उणीव म्हणावी तर ही की, झाडाखालचा माणूस आणि खिडकीसमोरचा लंगड या दालनापासून फार दूर राहतात.

या तिन्ही कलाकृतींनंतर कायदे आले. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमाने फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, असे ठरवले. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणाऱ्या फाईलींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. शायर या कायद्यानुसार तीन महिने रीतसर झाडाखाली राहू शकला असता. मुदत ही जिम्मेदारी ठरवते, जवाबदेही नव्हे. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने मात्र वेगळा विचार केला. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवावीत, असे त्याचे कलम ४ सांगते. माहिती विनाकारण अडवल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंतचा दंड कलम २० नुसार माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः होतो. उत्तर न देण्याची किंमत इथे एका नावाला जोडली गेली. कृष्ण चंदर यांच्या कथेत नेमके तेच नव्हते.

आपल्या महाविद्यालयांना जवळचे एक उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्ती योजनेत १,५७२ संस्थांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यांच्यापोटी पाच वर्षांत सुमारे १४४.८३ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे मंत्रालयाने सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. या योजनेत अर्ज संस्थेच्या पातळीवर तपासला जात असे, नंतर जिल्ह्याच्या पातळीवर तपासला जात असे. पडताळणी झाली होती, मान्यताही मिळाली होती. म्हणजे ही फाईलही ‘पूर्ण’ होती. त्याआधी, २०२२-२३ पासून, मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित झाली होती. पहिली ते आठवीचे शिक्षण कायद्याने मोफत आहे, हे कारण त्यासाठी देण्यात आले. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पण दोन्ही ठिकाणी खऱ्या विद्यार्थ्याला कोणी समोर बसवून उत्तर दिले नाही. आणि जिथे संस्थेच्याच पातळीवर खोटी मान्यता दिली गेली, तिथे जवाबदेही सरकारपुरती थांबत नाही. ती आपल्या शिक्षणसंस्थांपर्यंत येते. हे मान्य करण्यात संकोच नसावा.

म्हणून वर्गात ‘जामुन का पेड’ शिकवताना विनोदाची स्थळे सांगून थांबणे पुरेसे नाही. विद्यार्थ्यांना प्रत्येक पात्रासमोर दोन रकाने आखायला लावावेत : याची जिम्मेदारी काय होती, आणि याने जबाब कोणाला दिला? पहिला रकाना सहज भरतो. दुसऱ्यात प्रत्येक वेळी वरिष्ठाचेच नाव येते. तोच तक्ता लंगडसाठी आणि जिवाजीरावांसाठी करून पाहिला म्हणजे तीन भाषांतील तीन निदाने आपोआप वेगळी होतात. उद्या हेच विद्यार्थी दाखल्यासाठी खिडकीबाहेर उभे राहणार आहेत आणि त्यांच्यातले काही खिडकीच्या आत बसणार आहेत. हसता दोघांनाही येईल. दुसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढे शिकवणे मात्र आपल्या हाती आहे.